पाला, खल आणि बदाम

इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्पेनच्या दक्षिण टोकाला, आजच्या कादिझ गावात जन्मलेल्या कोलुमेलाने शेतीवर बारा भागांचा लॅटिन ग्रंथ लिहिला. नांगरणी, गुरे, द्राक्षवेली, मधमाश्या असे सगळे सांगून झाल्यावर शेवटचा भाग त्याने मळ्यावरच्या कारभारणीसाठी ठेवला: लोणची कशी घालावीत, व्हिनेगर कसे करावे, ऑलिव्ह कसे मुरवावेत. या भागाच्या अगदी अखेरीस हिरव्या पाल्याच्या काही कृती येतात. पुदिना, सताप, कोथिंबीर, लीक आणि लीक नसेल तर हिरवा कांदा, लेट्यूसची आणि अरुगुलाची पाने, ओले थाइम, शिवाय ताजे खारवलेले चीज हे सारे खलात एकत्र कुटायचे, मिरी घातलेले व्हिनेगर बेताने मिसळायचे, थाळीत काढायचे आणि वरून तेल ओतायचे. पुढच्या कृतींत याच पाल्याला अक्रोडाची, मग किंचित भाजलेल्या तिळाची जोड मिळते. आणि एका कृतीत कोलुमेला सांगतो की पाइनच्या बिया मुबलक असतील तर त्या घ्या, नसतील तर सोललेले भाजके हेझलनट किंवा बदाम तेवढ्याच मापाने घ्या. हिरव्या पाल्याबरोबर वाटलेल्या बदामाची ही मला ठाऊक असलेली सर्वांत जुनी लेखी कृती, आणि तिच्यात बदाम ‘नसेल तर’ या सदरात आला आहे. तो मानाचा पाहुणा नाही. जे हाताशी आहे त्यातले ते एक आहे.

हे लक्षात ठेवायला हवे, कारण आज बदामाचे ड्रेसिंग आपल्यापुढे येते ते नव्या, आरोग्यदायी आणि काहीशा महागड्या शोधाच्या रूपात. साय नको, अंडे नको, म्हणून बदाम भिजवून वाटा आणि लेट्यूसवर ओता, असा त्याचा परिचय करून दिला जातो. माझे म्हणणे असे की हा पदार्थ भूमध्य समुद्राच्या काठच्या कोरडवाहू शेतीतून आलेला आहे, आणि त्याच्या इतिहासात एक नियम बऱ्यापैकी सातत्याने दिसतो. बदाम जिथे घरच्या बांधावर पिकतो तिथे तो वाटला जातो आणि सॉसमध्ये दिसेनासा होतो. जिथे तो दुरून, पैसे मोजून येतो तिथे त्याचे काप होतात आणि ते वर, सगळ्यांना दिसतील असे पेरले जातात. या नियमाला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच. पण सॅलडचा इतिहास या बाजूने पाहिला की बऱ्याच सुट्या गोष्टी एका ओळीत येतात.

आधी खलात काय घडते ते पाहू. तेल आणि व्हिनेगर कितीही घुसळा, हात थांबला की दोन्ही वेगळी होतात. व्हिनेगर पानावरून ओघळून ताटाच्या तळाशी जाते आणि वरचे पान नुसते तेलकट राहते. हे दोन्ही एकत्र धरून ठेवणारे तिसरे काहीतरी लागते. उत्तर युरोपात ते काम मोहरीने आणि अंड्याच्या बलकाने केले. बदामात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असते आणि पाचव्या हिश्श्याइतकी प्रथिने. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकले की साल सुटते. दोन बोटांत दाबले की गर टुणकन बाहेर येतो. हा गर लसूण आणि मिठाबरोबर कुटत गेले की आधी भरड होते, मग ओलसर गोळा, आणि थेंब थेंब पाणी किंवा व्हिनेगर घातले की दुधट पांढरी लापशी. बदामातली प्रथिने तेलाच्या बारीक थेंबांभोवती बसतात आणि त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत, तंतू पाणी धरून ठेवतात, आणि हे मिश्रण पानाला चिकटून बसते. व्हिनेगरात भिजवलेला शिळ्या पावाचा गर त्यात घातला तर आणखी घट्टपणा येतो. दूध नाही, अंडे नाही, चूल पेटवायचीही गरज नाही. लागतो तो खल, बत्ता आणि मनगटाचा जोर. ज्या मुलखात उन्हाळ्यात गवत करपते आणि म्हणून गाईचे दूध-लोणी अपुरे, पण दगडाळ उतारांवर ऑलिव्ह आणि बदाम तगून राहतात, तिथे अशा सॉसची गरज आणि सामग्री एकाच जमिनीतून आली.

मराठी वाचक इथे रास्त हरकत घेईल की कोलुमेलाची ती कृती ही चटणी झाली, सॅलड नव्हे. पानेच कुटली तर ताटात हिरवा पाला राहिला कुठे? हरकत खरी आहे, आणि म्हणून नुसत्या कोलुमेलावर माझा मुद्दा उभा राहू शकत नाही. पाने अख्खी राहतात आणि बदाम तेवढा वाटला जातो असा पदार्थ दाखवायला हवा. तो आहे कॅटलोनियाचा शातो. बार्सिलोनाच्या नैर्ऋत्येला, सिट्जेस, विलानोवा इ ला जेलत्रू, विलाफ्रांका देल पेनेदेस आणि एल वेंद्रेल या गावांच्या टापूत हिवाळ्यात तो केला जातो. पाला म्हणजे एस्कारोल, चिकोरीच्या कुळातली जाड, कडसर पानांची भाजी, जी थंडीत बाजारात भरपूर असते. तिच्यावर मीठ उतरवून हाताने फाडलेला खारा कॉड मासा, ट्युना, अँचोव्ही आणि आर्बेकिना जातीचे बारीक ऑलिव्ह. पण शातो ओळखला जातो तो सॉसवरून. त्यासाठी न्योरा नावाची गोल, सुकी लाल मिरची पाण्यात भिजत घालतात आणि ती फुगली की सुरीने आतला गर खरवडून घेतात. तिखटपणा जवळजवळ नाही, रंग मात्र विटेसारखा. भाजलेले बदाम, थोडे हेझलनट, लसूण, पावाचा गर, मीठ आणि हा मिरचीचा गर खलात एकजीव करतात, मग ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर. तयार सॉस पाल्यावर नुसता ओतायचा नसतो. प्रत्येक पानाला लागेल असा तो कालवायचा असतो, आणि कडू पानाला हा गोडसर, जाड लेप लागल्यावरच पदार्थ खऱ्या अर्थाने तयार होतो.

शातोच्या सॉसमधली मिरची अमेरिकेतून आलेली, म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीनंतरची. ती बाजूला काढली तर खाली उरते बदाम, लसूण, पाव, तेल, व्हिनेगर. हा सांगाडा भूमध्य समुद्राभोवती इतक्या ठिकाणी भेटतो की तो एका स्वयंपाक्याच्या डोक्यातून निघालेला नाही हे उघड आहे. मालागाकडचे आहो ब्लांको म्हणजे याच पाच वस्तूंमध्ये पाणी वाढवून केलेले थंड सार, वर द्राक्षे. टोमॅटो युरोपात पोचण्याआधीच्या स्वयंपाकाचा तो वारसा आहे. ग्रीसमधल्या स्कोर्डालियात लसणाबरोबर कुठे बदाम, कुठे अक्रोड, कुठे नुसता पाव किंवा बटाटा असतो. सिसिलीत त्रापानीच्या पेस्तोत बदाम येतो, तर उत्तरेला जेनोवाच्या पेस्तोत पाइनच्या बिया. काळ्या समुद्रापलीकडे जॉर्जियात पालक किंवा बीटची पाने उकडून, पिळून, वाटलेल्या अक्रोडात लसूण आणि व्हिनेगर घालून मळतात आणि त्याला फ्खाली म्हणतात. पद्धत तीच, गर मात्र त्या त्या डोंगरावर जे झाड आहे त्याचा. काश्मीरमध्ये अक्रोडाची झाडे घराभोवती, म्हणून तिथे अक्रोडाची चटणी रोजच्या जेवणात बसते.

आता इंग्लंडकडे वळू, कारण तिथे बदाम पिकत नव्हता आणि तरीही तो स्वयंपाकघरात होता. दुसऱ्या रिचर्डच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांनी १३९०च्या सुमारास तयार केलेल्या ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ या संग्रहात सॅलडची कृती आहे: पार्स्ली, सेज, लसूण, कांद्याची पात, लीक, बोरेज, पुदिना, बडीशेपेचा पाला, हळीव, सताप, रोझमेरी. ही पाने धुवायची, निवडायची, हाताने बारीक तोडायची आणि कच्चे तेल, व्हिनेगर, मीठ घालून कालवायची. बदामाचा पत्ता नाही. त्याच संग्रहात इतर पदार्थांत बदामाचे दूध पानोपानी सापडते, त्यामुळे तो माहीत नव्हता असे म्हणायची सोय नाही. पुढे १६१५ साली जर्व्हेस मार्कमच्या गृहिणींसाठीच्या पुस्तकात सणावारी मांडायचे सॅलड येते. त्यात सोललेले बदाम सुरीने जाडसर चिरायचे आहेत. त्यांच्याबरोबर बिया काढलेले मनुके, अंजीर, केपर, ऑलिव्ह, बेदाणे, तांबड्या सेजची आणि पालकाची कोवळी पाने, भरपूर साखर, मग तेल-व्हिनेगर आणि वर पुन्हा साखर. यादीतल्या जवळपास सगळ्या वस्तू जहाजातून आलेल्या. यजमानाची ऐपत पानांवर पसरलेली दिसावी अशीच ती रचना आहे, आणि ज्या बदामाला दाम मोजले तो कुटून नाहीसा करण्यात काय हशील? १६९९ साली जॉन एव्हलिनने ‘असेटारिया’ हे सॅलडवरचे स्वतंत्र पुस्तक काढले. तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर किंवा लिंबाचा वा संत्र्याचा रस, त्यात मुरवलेले हॉर्सरॅडिश, मीठ, मोहरी आणि उकडलेल्या अंड्याचे कुस्करलेले बलक, असे त्याचे ड्रेसिंग. आंबटाने पोलाद खराब होते म्हणून सुरी चांदीची हवी, इथपर्यंत त्याची काळजी पोचते. सॅलडवर इतक्या आस्थेने लिहिणाऱ्या या माणसानेही तेल-व्हिनेगर जमवायला मोहरी आणि अंडे घेतले, वाटलेला बदाम घेतला नाही. घरच्या कोंबडीचे अंडे जवळ असताना परदेशातून आलेला बदाम घोटण्याचे कारणच नव्हते.

पण मग बदामाचे दूध? ते तर इंग्लंडच्या दरबारात, बदाम परका असताना, वाटूनच केले जात होते. माझ्या नियमावरचा हा सर्वांत वजनदार आक्षेप, आणि त्याचे उत्तर उपवासात आहे. मध्ययुगातल्या पश्चिम युरोपीय चर्चने ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, म्हणजे लेंटमध्ये, आणि वर्षातल्या इतर अनेक दिवशी मांस वर्ज्य ठरवले. लेंटमध्ये त्याबरोबर दूध, लोणी आणि अंडीही गेली. भूमध्य प्रदेशात ऑलिव्हचे तेल होते, त्यामुळे लोण्यावाचून फारसे अडत नव्हते. उत्तरेकडे मात्र ही बंदी जाचक होती. फ्रान्समधल्या रुआँच्या कॅथेड्रलचा एक मनोरा आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो, कारण लेंटमध्ये लोणी खाण्याची परवानगी घेणाऱ्यांनी दिलेल्या पैशातून तो उभा राहिला. अशा वेळी श्रीमंतांनी दुधाला पर्याय म्हणून बदाम कुटला. बंदी होती म्हणून तो वाटला गेला, आणि धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये बंदी सैल झाली तसे बदामाचे दूध रोजच्या स्वयंपाकातून ओसरले. चिरलेला, सजवलेला बदाम मात्र मागे राहिला. परका बदाम वाटण्याची सवय बंदीच्या आधाराने उभी होती. आधार गेल्यावर ती टिकली नाही. फ्रान्समध्ये हा बदल जवळजवळ प्रत्यक्ष पाहता येतो. ला व्हारेनच्या १६५१च्या पाकपुस्तकात सॉस दाट करण्याच्या मिश्रणांची जी यादी आहे तिच्यात बदामाचे मिश्रण आणि पिठाचे मिश्रण शेजारीशेजारी बसले आहे. पुढच्या काळात फ्रेंच स्वयंपाकात पीठ आणि लोणी जिंकले, बदाम मिठाईकडे सरकला.

उपवासाच्या या उत्तरातून दुसरा आक्षेप डोके वर काढतो: मग वाटलेल्या बदामाचे सगळे श्रेय लेंटलाच का देऊ नये? शातोतला खारा कॉड हा उपवासाचा मासा, आणि तो पदार्थ कार्निव्हल व लेंटच्या दिवसांशी बांधलेला. ग्रीसमध्ये २५ मार्चच्या सणाला तळलेला खारा कॉड आणि स्कोर्डालिया खातात, तेही लेंटमध्येच. १३२४ सालचे मानले जाणारे ‘सेंट सोवी’ हे कॅटलान भाषेतले सर्वांत जुने पाकपुस्तक बदामाच्या दुधाने भरलेले आहे. हे सगळे खरे असले तरी कोलुमेला लेंट रूढ होण्याच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्याच्या कृतीत बदामाबरोबर चीजही आहे, म्हणजे उपवासाचा प्रश्नच येत नाही. कॅटलान स्वयंपाकातली पिकादा पाहिली तर आणखी स्पष्ट होते. बदाम, लसूण, पार्स्ली, तळलेला पाव कुटून रश्श्यात शेवटी घालायचे हे वाटण मटणालाही लागते, कोंबडीलाही. उपवासाने या वाटणाला दिवस नेमून दिले, सोबत खारा मासा दिला, चर्चचे अधिष्ठान दिले. वाटण त्याआधीपासून होते.

तिसरे मत असे की हे सारे अरबांनी आणले. बदाम-साखरेच्या मिठाया, बदामाचे दाट रस्से आणि त्यांची बारकाईने लिहिलेली पुस्तके यांत अरब जगाचा वाटा फार मोठा आहे, आणि बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल्-अव्वामने लिहिलेल्या शेतीच्या ग्रंथात बदामाच्या लागवडीचीही चर्चा आहे. स्पेनच्या स्वयंपाकावरचे हे ऋण नाकारणे कोतेपणाचे होईल. पण पाला आणि आंबटाबरोबर बदाम कुटण्याची रीत त्याच भूमीतल्या माणसाने अरब तिथे पोचण्याच्या सहाशेहून अधिक वर्षे आधी लिहून ठेवली होती. अंदालुसियाच्या अरब शेतकऱ्यांनी बदामाच्या बागा नीट राखल्या आणि त्यामुळे ही रीत जगली, असे म्हणणे मला अधिक पटते. शेवटी झाड टिकले तर वाटण टिकते, आणि हे झाड टिकायला चिवट आहे. जानेवारी-फेब्रुवारीतच, पाने फुटण्याआधी, ते फुलते. उशिरा पडलेल्या एका हिमाने वर्षाचे पीक जाते. पण मुळे खोल जातात आणि जिथे गहू उगवणार नाही अशा चुनखडीच्या उतारावर ते पावसाच्या पाण्यावर उभे राहते. बदामाच्या लागवडीचे क्षेत्र आजही स्पेनचे जगात सर्वांत मोठे आहे, आणि त्यातले बहुतेक जिरायत. सोललेली टरफले जळण म्हणून चुलीत आणि शेगड्यांत जातात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मेवा नव्हता, बांधावरचे उत्पन्न होते, त्यातला हलका माल घरी राहायचा आणि खलात जायचा.

महाराष्ट्राचा संबंध इथे येतो, आणि तो उलट्या बाजूने येतो. आपल्याकडे बदाम पिकत नाही. मामरा इराण-अफगाणिस्तानकडून आला, गुरबंदी अफगाणिस्तानातून, आणि सुक्या मेव्याच्या दुकानात तो तोलून, जपून विकला गेला. परिणामी मराठी ताटात बदाम दिसतो तो श्रीखंडावर, बासुंदीत, शिऱ्यावर, मसाले दुधात, आणि दिसतो तो बहुधा कापांच्या रूपात. मार्कमच्या सॅलडात त्याची जी जागा होती नेमकी तीच. कोणी म्हणेल, बदामाचा शिरा वाटूनच होतो, आणि उत्तरेकडच्या दरबारी रश्श्यांतही बदाम वाटलेला असतो. होय, पण शिऱ्यात बदाम हाच पदार्थ आहे, तो दुसऱ्या कशाच्या सेवेत नाही. आणि दरबारी मुदपाकखान्यात मनुष्यबळ व पैसा दोन्हींची ददात नव्हती. रोजच्या पालेभाजीवर वाटलेला बदाम मराठी घरात कधी पडला नाही.

मात्र त्याचे काम पडून राहिले नाही. ते दाण्याच्या कुटाने केले. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, खानदेशात कच्च्या मेथीचा घोळाणा करतात: कोवळी मेथी, बारीक चिरलेला कांदा, लाल तिखट, मीठ, कच्चे तेल आणि भाजलेल्या दाण्याचे कूट, सोबत ज्वारीची भाकरी. युरोपीय अर्थानेही हे निखळ हिरवे सॅलड आहे. मिठाने पाल्याला आणि कांद्याला पाणी सुटते, कूट ते शोषून घेते, तेल कुटाला धरते आणि कडू पानाला एक गोडसर, खमंग लेप बसतो. एस्कारोलवर शातोचा सॉस जे करतो तेच मेथीवर कूट करते. खमंग काकडीत कूट अगदी शेवटी घालतात तेही याच हिशेबाने, नाहीतर सगळी कोशिंबीर पाणचट होते. भुईमूगही मूळचा इथला नाही, तो दक्षिण अमेरिकेतून आला, आणि महाराष्ट्राच्या कोरडवाहू रानात त्याचा पसारा वाढला तो बऱ्याच नंतर, मुख्यतः एकोणिसाव्या शतकापासून. त्याआधी आणि त्यानंतरही तीळ, कारळे, जवस देशावर कुटले गेले, आणि कोकणात ओले खोबरे वाटले गेले. म्हणजे निवड इथेही जमिनीनेच केली.

या तुलनेवर दोन हरकती येतील. भुईमूग हा शेंगवर्गातला, झाडावरचा सुका मेवा नव्हे. आणि कुटाची कोशिंबीर काही दाट, एकजीव सॉस नसते. पहिलीला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण खलात पडल्यावर प्रश्न तेलाचा आणि प्रथिनांचा असतो, आणि त्या दोन्ही बाबतींत शेंगदाणा बदामाच्या शेजारी बसतो. दुसरी हरकत मात्र खरी आहे आणि तिच्यात मला मोठा फरक दिसतो. मराठी स्वयंपाकात कूट कोरडे असते, भरड असते, डब्यात भरून ठेवलेले असते. ते पानावर भुरभुरून कालवले जाते. भूमध्य काठावर बदाम ओला वाटला जातो, आणि त्या त्या जेवणापुरताच. माझ्या मते याचे कारण आंबटात आहे. तिकडे व्हिनेगर आणि तेल ही दोन न जुळणारी द्रवे एकत्र आणायची होती. आपल्याकडे आंबट म्हणजे लिंबू पिळलेले किंवा दही. दही स्वतःच दाट आहे आणि लिंबाचे चार थेंब कूट सहज पिऊन टाकते. ओल्या वाटणाची इथे गरज पडली ती चटण्यांना आणि रश्श्यांना. उपवासाचे साम्य मात्र लक्षणीय आहे. एकादशीला दाण्याची आमटी, भगर, कूट घातलेली काकडी हे सगळे चालते. म्हणजे अमेरिकेतून आलेल्या दाण्याला आपल्या उपवासाने जागा दिली, तशीच तिकडच्या मिरचीला लेंटने दिली.

सॅलडच्या वाटलेल्या सॉसचा ऱ्हास झाला तो कष्टांमुळे. सामग्री स्वस्त असली तरी अर्धा तास बत्ता चालवणारे मनगट कोणाचे, हा प्रश्न या इतिहासात सतत आहे आणि पाकपुस्तकांत तो क्वचितच विचारला जातो. कोलुमेलाच्या मळ्यावर गुलाम होते, दरबारात पोरगेसे आचारी, आणि बाकी सगळीकडे घरातल्या बायका. विसाव्या शतकात बाटलीतले तयार ड्रेसिंग दुकानात सर्रास मिळू लागले तेव्हा त्याने पहिल्यांदा या कष्टांना पर्याय दिला, आणि मला ते फसवणूक वाटत नाही. बायकांचा वेळ त्यातून खरोखर वाचला. त्यानंतर मिक्सरने दुसरा पर्याय दिला. आज घरी बदाम वाटून ड्रेसिंग करणे पुन्हा सोपे झाले आहे ते मिक्सरमुळे, कुठल्या नव्या पोषणविचारामुळे तितके नाही. पोषणविचाराने फार तर कारण पुरवले.

आणि स्वस्त बदामामुळे. स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी अठराव्या शतकात कॅलिफोर्नियाच्या मिशनांत बदामाची झाडे नेली; किनाऱ्यावरच्या दमट हवेत ती रमली नाहीत. एकोणिसाव्या शतकात लागवड आत, खोऱ्यांत गेली, नंतर कालव्यांचे आणि विहिरींचे पाणी मिळाले, आणि आज जगातला सुमारे ८० टक्के बदाम तिथून येतो. दर फेब्रुवारीत परागीकरणासाठी लाखो मधपेट्या ट्रकमधून तिथे न्याव्या लागतात. त्या बदामाचे देशाबाहेरचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अलीकडे भारत आहे. परक्या बदामाचे फक्त काप होतात या माझ्या नियमाला हा ताजा अपवाद: पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात तो आता भिजवून वाटला जातो, कारण इतका माल आल्यावर तो परका असूनही पूर्वीइतका दुर्मीळ राहिला नाही. पण कॅलिफोर्नियातले हे झाड जिरायत राहिलेले नाही. ते पाटाच्या पाण्यावर उभे आहे, आणि कॅलिफोर्नियातला दुष्काळ त्या शेतीला दर काही वर्षांनी हिशेब विचारतो. स्पेन आणि पोर्तुगालमध्येही आता सपाट, ओलिताच्या जमिनीवर ओळीने लावलेल्या दाट बागा वाढत आहेत. त्यांच्या एका एकराच्या उत्पन्नापुढे उतारावरची जुनी झाडे टिकत नाहीत. त्यांचा बदाम काढायला माणूस लागतो आणि मालाला भाव तोच मिळतो. अशा बऱ्याच बागा नुसत्या सोडून दिलेल्या आहेत. ज्या झाडांमुळे हे वाटण जन्माला आले ती झाडे आज पैशाच्या हिशेबात बसत नाहीत, आणि कॅटलोनियात जिरायत बदाम वेगळ्या भावाने विकत घेणारे गिऱ्हाईक उभे राहिले नाही तर पुढच्या पिढीतला शातो बहुधा ओलिताच्या बदामाचा असेल.